कारण न विचारणाऱ्या रमीलाताई

रमीलाताई गेल्या तेव्हा बोर्डीला त्यांच्याच अंगणात शोकसभा झाली. त्यांच्या मुलीने, अरुणाने, मला दोन शब्द बोलायला सांगितलं. "काका, शेवटची वर्षं आईने तुमच्याबरोबर काम केलं. तुम्हीच बोलायला हवं." घसा बसलाय अशी खूण करून मी खुर्चीत बसून राहिलो. घसा ठणठणीत होता. नंतर अरुणाने आईच्या आठवणी लिहून मागितल्या, तेव्हा डोळ्यांचं कारण सांगितलं. मग तिने मागणं सोडलं. मी सुटलो असं मला वाटलं होतं, पण घरात कपबशा वाजल्या की अजून माझा हात थांबतो. आता लिहितो.

मसोलीच्या पुढे माझा फुग्यांचा कारखाना होता. डहाणूत असे कारखाने बरेच. रबराच्या दुधात रंग कालवायचा, त्यात चिनी मातीचे साचे बुडवायचे, तोंडाशी कड वळवायची, साचे भट्टीत घालून माल भाजायचा, मग फुगे सोलून, धुऊन, वाळवून पाकिटात भरायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण कड वळवणारा हात नवा असला की फुगा तोंडाशीच फाटतो, आणि माझ्याकडे दरवर्षी हात नवेच असत. तलासरीकडच्या पाड्यांवरून बायामाणसं येत, शिकत, पावसाळ्यात लावणीला निघून जात. पुन्हा येत तेव्हा मी त्यांच्या जागी दुसरी घेतलेली असत.

२०१४ मध्ये रमीलाताई आल्या. बोर्डीच्या एका मुलींच्या वसतिगृहात त्यांनी आयुष्यभर रेक्टर म्हणून काम केलं होतं. निवृत्त झाल्या होत्या, घरी बसवत नव्हतं. मला पॅकिंगवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं. पहिल्याच सोमवारी त्या फाटकाशी स्टूल टाकून बसल्या आणि पिशवीतून नेलकटर काढलं. येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणाल्या, "हात बघू."

लाडकी नावाची एक बाई होती. कामाला चपळ, तोंडाने त्याहून चपळ. ती म्हणाली, "ताई, आमी काय शाळंतल्या पोरी?"

"शाळेतल्या पोरी गुमान हात पुढे करतात. तुम्ही त्याही नाही."

"मंग शेठचीपन बघा नखं."

सगळ्या हसल्या. रमीलाताईंनी खरंच माझ्याकडे वळून बघितलं. मी हात खिशात घातले. पण त्या आठवड्यात सोलताना फाटणारे फुगे कमी झाले, हे माझ्या लक्षात आलं. आणि त्याहूनही एक गोष्ट लक्षात आली: नखं कापताना त्या प्रत्येकीशी बोलत. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाचा नवरा बोटीवर गेलाय, कुणाचं पोर आश्रमशाळेतून पळून आलंय, हे सगळं दुपारपर्यंत त्यांना ठाऊक असे. मला मात्र दहा वर्षांत निम्म्यांची नावं आली नव्हती.

बांधा ठेंगणा, चष्म्याला दोरी, पायात पुरुषी सँडल. बोर्डीहून एसटीने यायच्या. डबा उघडला की आधी लोणच्याची फोड फिरवायच्या, मग स्वतः जेवायला बसायच्या. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. राग आला की त्या माणसाला "अहो" म्हणायला लागत. भट्टीवरच्या नवशाला एकदा त्यांनी "अहो नवशाराव" म्हटलं, तर तो बिचारा जेवलाच नाही.

दुसऱ्या वर्षी जूनच्या आधी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"भाऊ, लावणीच्या दिवसांत किती माणसं येतात?"

"येतच नाहीत. तीच तर रड आहे."

"मग त्या दिवसांत कारखाना उघडा ठेवून आपण करतो काय?"

"नवी माणसं शिकवतो."

"आणि जुनी?"

मग त्यांनीच सांगितलं. एप्रिल-मेमध्ये ज्यांना जमेल त्यांच्याकडून जास्त माल काढून ठेवायचा, लावणीला कारखाना सरळ बंद ठेवायचा, आणि लावणी आटोपली की त्याच माणसांनी त्याच जागी परत यायचं. मला धडकी भरली. पंधरा ऑगस्ट आणि गणपती तोंडावर, आणि आपण टाळं लावून बसायचं! दुसरी शेड उभी करायला माझ्याबरोबर वापीचे कांतिभाई भागीदार झाले होते. मोठी गिऱ्हाइकंही तेच आणत. ते तर फोनवर ओरडलेच, "शेठ, तुमी फुगा बनवते का भात पिकवते?"

त्या बंदच्या दिवसांत मी रोज सकाळी जाऊन रिकाम्या शेडमध्ये उभा राहत असे. साचे मांडणीवर गप्प उभे असायचे. माणसं आलीच नाहीत तर काय, या विचाराने मला जेवण जात नसे. माणसं आली. हातापायांना चिखलाच्या भेगा घेऊन आली, आणि पहिल्या दिवसापासून कड नीट वळायला लागली. त्या गणपतीला आमचा एकही खोका परत आला नाही. पुढच्या वर्षी कांतिभाईंनीच विचारलं, "शेठ, या साली लावणी कधी बसते?"

तारेची कल्पनाही त्यांचीच. दांडी मारणाऱ्याला पूर्वी मी कारण विचारायचो. आजोळी कुणीतरी वारलं, हे ठरलेलं उत्तर असायचं. रमीलाताईंनी मला ते बंद करायला लावलं. "कारण विचारायचं नाही, भाऊ. कारण विचारलं की आपण माणसाला खोटं बोलायला शिकवतो. त्याला फक्त आदल्या दिवशी कळवू दे." फाटकाच्या आतल्या बाजूला त्यांनी एक तार ताणून घेतली. उद्या येणार नसशील तर जाताना एक दुय्यम फुगा फुगवून तिथे बांधायचा. बुडवणाऱ्यांनी लाल, भट्टीवाल्यांनी पिवळा, पॅकिंगच्या बायांनी निळा. नाव नाही, कारण नाही. संध्याकाळी त्या तारेकडे एक नजर टाकत आणि उद्या कुणाला कुठे बसवायचं ते ठरवत.

"आणि एखाद्या दिवशी सगळ्यांनीच बांधले तर?" मी विचारलं. मला असलेच प्रश्न सुचतात.

"तर त्या दिवशी चूक आपली असेल," त्या म्हणाल्या आणि एसटी पकडायला निघाल्या.

चार वर्षं असं चाललं. जुने हात टिकले, माल सुधारला, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येऊ लागलं, दोन्ही शेड भरल्या. कारखाना वाढवण्यासाठी मी काही केलं असं मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. मी काळजी करत होतो, एवढंच. ओळखीतले लोक मात्र अभिनंदन माझं करत आणि मी ते घेत असे.

२०१८ च्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. तलासरी, धुंदलवाडी, त्या सगळ्या भागात. आधी खालून तोफ डागल्यासारखा आवाज, मग धक्का. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर काही नाही. आणि ते काही नसणं जास्त वाईट. लोक घराबाहेर ताडपत्र्या टाकून थंडीत झोपत होते. आमच्या बायका सकाळी टेम्पोतून उतरत त्या डोळे लाल करूनच. कारखान्यात धक्का आधी साच्यांना कळायचा. मांडणीवर चिनी मातीचे शेकडो साचे एकमेकांना लागून किणकिण करायचे आणि त्या आवाजासरशी सगळी शेड श्वास रोखायची.

रमीलाताईंनी लगेच नियम घातला. किणकिण झाली की नवशाने भट्टीचा गॅस बंद करायचा आणि सगळ्यांनी बाहेर. विचारायला थांबायचं नाही. पॅकिंगची खोली शेडच्या टोकाला होती, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती आणि एकच दार. एका भिंतीला तडा गेलेला त्यांना दिसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं पॅकिंग बाहेर चिकूच्या झाडांखाली नेलं. वर हिरवी जाळी, तिच्यावर ताडपत्री. रबराला ऊन सोसत नाही, चिकट होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सूर्य सरकला की त्या टेबलं सरकवत.

लाडकी म्हणायची, "ताई, तुमी आमाला गुरावानी सावलीत फिरवताव."

"गुरं बरी. ती शिंगं मारतात, तोंड नाही चालवत."

त्याच दिवसांत कांतिभाईंनी उन्हाळी सुट्टीसाठी मुंबईच्या व्यापाऱ्याची फार मोठी मागणी आणली होती. ती वेळेत गेली असती तर पुढच्या वर्षीची मागणीही आमची. नाही गेली तर दुसरी शेड कशाच्या जोरावर चालवायची हा प्रश्न. कांतिभाईंचा रोज फोन. "हलते तर हलू दे ने शेठ, आभाळ थोडी पडते!" धक्क्याने भट्टी बंद पडली की आतला माल अर्धाच भाजून निघे. असा माल दिसतो अगदी चांगल्यासारखा. हाताला लागतो चांगला, फुगतोही. पण काही आठवड्यांनी विरघळल्यासारखा चिकटतो. भट्टी बंद पडेल त्या प्रत्येक वेळी रमीलाताई तो माल वेगळा काढून जुन्या शेडच्या कोपऱ्यात टाकत. तिथे मोठी रास झाली.

"ही फेकून द्या, भाऊ," एका शनिवारी त्या म्हणाल्या. "पोरं फुगा तोंडात घालतात."

"फेकतो," मी म्हणालो.

रविवारी कारखाना बंद होता. मी गावातून दोन हमाल बोलावले. त्यांना कच्चं काय आणि पक्कं काय, काही माहीत नव्हतं. ती रास धुऊन घेतली, पावडर लावली आणि तयार मालाच्या पिंपांत थोडी थोडी मिसळली. काम चालू असताना एकदा साचे किणकिणले. हमाल बाहेर पळाले. मी आत पिंप ढवळत राहिलो. त्या दिवशी मला जमिनीची भीती वाटली नाही.

सोमवारी रमीलाताई रिकाम्या कोपऱ्यापाशी उभ्या होत्या.

"फेकली ना?"

"फेकली."

"बरं झालं. चुकून मिसळली असती तर नंतर ओळखूही आली नसती."

माल वेळेत गेला. पुढचे आठवडे मी फोन वाजला की दचकत होतो. ऊन तापायला लागलं तसे कांतिभाई स्वतःच आले, हातात खोका. त्यांनी तो माझ्या टेबलावर पालथा केला. फुग्यांची पाकिटं, आतले फुगे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालेला.

"पूरा माल परत येते. व्यापारी माझ्या तोंडावर फेकते. बगीच्यात पॅकिंग! ही काय पिकनिक हाय?"

रमीलाताईंनी एक फुगा उचलला. ताणला, वास घेतला, चष्मा वर करून तोंडाची कड पाहिली.

"हा उन्हाने गेलेला वाटत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "हा कच्चा वाटतोय. भाऊ, ती रास..."

"फेकली म्हटलं ना!"

मी ओरडलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी टेबलावरच्या गोळ्याकडे बघत होतो. माझ्या कारखान्यात सगळ्यांना लागू असलेला नियम त्या दिवशी त्यांनी मलाही लावला. पुढे काही विचारलं नाही.

"मग ऊनच असणार," त्या म्हणाल्या. "जाळी पातळ पडली. निर्णय माझा होता, चूक माझी."

"चूक कळली ने? मग उद्यापासून बाया आतमधी," कांतिभाई म्हणाले.

"त्या खोलीच्या भिंतीला तडा आहे."

"सगळ्या डहाणूच्या भिंतीला तडा हाय, बेन."

"त्या खोलीत मी त्यांना नाही बसवणार."

"मग दुसरा कोणी बसवेल."

त्या माझ्याकडे वळल्या. तेव्हाही वेळ होती. एक वाक्य बोललो असतो तर पॅकिंग झाडाखाली राहिलं असतं, त्या राहिल्या असत्या, आणि माणसंही. मी म्हणालो, "कांतिभाई म्हणतात तसं काही दिवस करून बघू." माझं हे वाक्य आजही मला शब्दन् शब्द ऐकू येतं.

रमीलाताईंनी पिशवी उचलली. नेलकटर काढून टेबलावर ठेवलं. "हे कारखान्याचं," म्हणाल्या. नमस्कार केला आणि गेल्या. बाहेर बायांना काय सांगितलं? लाडकीने नंतर मला ऐकवलं: "माझ्या हातून माल खराब झाला, म्हणून मी जाते. शेठना बोल लावू नका."

त्या संध्याकाळी सुटी झाल्यावर मी बराच वेळ बाहेर आलो नाही. आलो तेव्हा तार दिसत नव्हती. लाल, पिवळे, निळे, टोकापासून टोकापर्यंत. जागा पुरली नाही म्हणून काही फाटकाच्या सळ्यांना बांधलेले. खाडीकडून वारा येत होता आणि ते एकमेकांवर घासून कर्र कर्र करत होते. लाडकी शेवटची निघाली. निळा फुगा बांधता बांधता माझ्याकडे न बघता म्हणाली, "शेठ, ऊन तं मालाला लागलाच नाय."

"म्हणजे?"

"काय नाय. कारन सांगायचा नसतंय ना आपल्या इथं."

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. त्यानंतरही फारसं नाही. काहींना वापीत काम मिळालं, काहींना उंबरगावात. कांतिभाईंनी ठेकेदाराकडून माणसं आणली. ती दर महिन्याला बदलायची, कड फाटायची, माल परत यायचा. त्या खोलीची भिंत शेवटपर्यंत पडली नाही. पण रोज पडेल असं वाटायचं, आणि आत बसलेल्या अनोळखी बायांची नावं मला ठाऊक नव्हती. वर्ष सरायच्या आधी मी माझा हिस्सा कांतिभाईंना देऊन मोकळा झालो. मोकळा, हा नुसता बोलण्याचा शब्द.

२०१९ च्या शेवटी, थंडीत, मी बोर्डीची एसटी धरली. नरपडपासून वाक्य जुळवत होतो. घोलवडला ते जुळलं. बोर्डीला उतरेपर्यंत ते पाठ झालं होतं.

रमीलाताई ओट्यावर चिकू पुसत बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. मला बघून उठल्या, खुर्ची झटकली. इतक्या महिन्यांनी हा माणूस का आला, असं एका शब्दाने विचारलं नाही. मी मनात म्हणत होतो, विचारा, एकदा तरी विचारा. त्यांनी चहा केला. नवशाची चौकशी केली, लाडकीच्या मुलीची केली, धक्के कमी झाले का म्हणाल्या. कपबशी माझ्या हातात वाजत होती. त्यांनी ती हळूच काढून घेऊन स्टुलावर ठेवली.

"रमीलाताई," मी म्हणालो, "मला तुम्हाला एक..."

"थांबा भाऊ. आधी मी बोलते. नाहीतर मला जमायचं नाही." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही आलात हे फार बरं झालं. मीच येणार होते, पण पाय उचलला नाही. उन्हाला मी फार हलकं धरलं. बायांना वाचवायला गेले आणि त्यांचं कामच घालवलं. तुमचा कारखाना गेला तो माझ्यामुळे. शेजारच्या पोरांना फुगा देतानासुद्धा आता हात मागे येतो बघा. मला माफ करा, भाऊ."

त्यांनी हात जोडले. नखं अगदी बारीक कापलेली होती.

घोलवडला जुळवलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. रास मी फेकली नव्हती. एवढंच. त्यांचे जोडलेले हात माझ्यासमोर होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मला माझाच आवाज ऐकू आला. मोठ्या मनाच्या माणसाचा असतो तसा, समजूतदार.

"जाऊ द्या हो, रमीलाताई," मी म्हणालो. "होतं असं माणसाच्या हातून."

त्यांनी पदराने डोळे पुसले. खांदे खाली आले. मला एसटीवर सोडायला त्या नाक्यापर्यंत आल्या, चिकूची पिशवी माझ्या मांडीवर खिडकीतून ठेवली, आणि बस वळेपर्यंत हात हलवत उभ्या राहिल्या. चेहरा इतका हलका झालेला, की मी त्यांना माफ केलं होतं, हे लांबूनसुद्धा दिसत होतं.